उसन्या भिवया

सगुणाच्या भिवया गेल्या त्या लग्नाच्या चार दिस आधी, न्याहारीच्या वक्ताला. मी दारात तांदूळ निवडत बसले हुते. पोरगी बांधावरनं आली ती पदर नाकापतुर ओढून, आन् सरळ चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसली.

म्या म्हटलं, "काय गं, सासर आजपास्नंच सुरू केलंस का?"

म्या उठून पदर वर केला. आता खरं सांगते, ह्या डोळ्यांनी म्या वाघ बघितलाय, आन् मला बघून त्यानं वाट सोडलेली बी बघितलीय, पण असलं तोंड बघितलं न्हवतं. कपाळ खाली उतरून डोळ्यांला लागलेलं. मधी काहीच न्हाई. म्होरली केसं करपून त्यांची मोहरीवानी गोळी झालेली.

"राब," ती म्हणली. "वारं फिरलं."

भाताची रोपं टाकायची तर आधी त्या वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून भाजावं लागतं. त्योच राब. वळीव यायच्या आत भाजून झाला पायजे, न्हाईतर रोप न्हाई, आन् रोप न्हाई तर भात न्हाई.

पारू, माझी सून, आडावरनं आली. लेकीचं तोंड बघितलं आन् कळशी खाली ठेवायचीच विसरली. कमरेवर भरली कळशी तशीच, आन् वरनं डोळ्यांचं पाणी.

"लाख येळा सांगितलं, लगीन ठरलेल्या पोरीनं शिवारात जायचं न्हाई. तुझं तू केलंस, आता त्या बाईला काय दाखवू मी?"

"आप्पांची कंबर धरलीया," सगुणा म्हणली. "आन् रायरेश्वराकडनं ढग चढला हुता. राब भिजला असता तर वर्सभर काय खाल्लं असतं, माझ्या भिवया?"

आता 'त्या बाईला' म्हंजे किकवीच्या धोंडाबाईला, नवरदेवाच्या आईला. पोरगी बघाया आली हुती तवा धोंडाबाईनं सगुणाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं हुतं, बाजारात खोंड बघावा तसं. स्वतःचा पदर मात्र कपाळावर हाताएवढा खाली. मला वाटलं, उन्हासाठी वढला असंल, पण घरात बसली तरी पदर काही वर जाईना. बराच वेळ बघून ती म्हणली, "रंगानं सावळी हाय. पण भिवया कोरल्यावानी हाईत. आमाला पसंत हाय." बस्स. न चालणं बघितलं, न वाचाया लावलं. भिवयांवर सोयरीक झाली, आन् आता भिवयाच राबात.

आन् ही बाई मोडणारी. भोंगवलीची एक सोयरीक तिनं पोरीच्या हातावर पांढरा डाग दिसला म्हणून मोडली हुती. तो चुन्याचा हुता म्हणत्यात, पोरगी नुकतीच पान लावून आलेली. खरंखोटं देव जाणे, पण पारूला ती गोष्ट पाठ हुती.

एवढ्यात रतन आली. माझी लेक, भोरच्या पेठेत दिलेली, लग्नासाठी आठ दिस आधीच येऊन बसलेली. तिनं सगुणाला वरनं खालनं बघितलं.

"वहिनी, पोरगी उकडून काढलीया का? सोललेल्या अंड्यावानी दिसतीया."

"वन्सं, तुमच्या पाया पडते, कुठं बोलू नका."

"मी कशाला बोलू? माझी लेक हौसा ह्याच किकवीवाल्यांला उंच वाटली, म्हणून दारातनं परत लावली. आता ही बिनभिवईची घ्या म्हणावं. ह्या घरातली पोर त्यांला सरळ पसंत पडायचीच न्हाई."

ती हसली, पण ते हसू मला आवडलं न्हाई. पारूला तर त्याहून न्हाई. पुढं कितीतरी वर्सांनी पारूनं मला कबूल केलं, की त्या दिसापास्नं लग्नापतुर ती रतनच्या पाठीवर हुती. रतन आडावर गेली की पारू आडावर. रतन परसाकडं गेली तरी पारू तांब्या घेऊन मागं.

माझ्या लेकाला, सोनबाला, आमी सांगितलंच न्हाई. तो कंबर धरून बाजेवर पडलेला. लेक पदर वढून भाकरी देती, एवढंच त्यानं बघितलं आन् म्हणला, "लाज शिकली गं पोर."

मुंडावळ्या खाली बांधू, ही पारूची अक्कल. मळवट भरून कुंकू डोळ्यांपतुर आणू, ही शेजारणीची. म्या म्हटलं, "गेनबाला बोलवा."

गेनबा म्हंजे पारूचा भाऊ, सगुणाचा मामा. एरवी शेतकरी गडी, पण जत्रेच्या नाटकात राणी व्हायचा. पंधरा वर्सं राणीच. एका वर्सी त्याची राणी बघून सासवडच्या एका म्हाताऱ्यानं मागणी घातली हुती, आन् दोन म्हशी देतो म्हणला हुता. गेनबा मिशा चिकटवून समोर उभा राहिला तवा म्हातारा म्हणला, "असू दे, चालंल."

लग्नाच्या सकाळी गेनबा पत्र्याची पेटी घेऊन आला. माजघराचं दार लावलं. आत मी, पारू, रतन, आन् पाटावर हळदीनं पिवळी झालेली सगुणा. गेनबानं पेटी उघडली तसा खोबरेलाचा आन् जुन्या उंदरांचा वास आला. सफेद्याचा डबा, लाल रंगाची पुडी, काजळाची डबी, राळेची बाटली, सगळं एका धडप्यावर ओळीनं मांडलं. मंग पेटीला हात जोडले.

"मामा, माझं लगीन हाय. नाटक न्हाई," सगुणा म्हणली.

"गप. राणी बोलत न्हाई. हलू बी नको."

पारूनं हळूच विचारलं, "गेनबा, ओळखू येईल ना रं?"

"अक्का, पंधरा वर्सांत मला कुणी ओळखलं न्हाई."

"अरं, पण हिला वळखाया पायजे."

गेनबानं ऐकलं न्हाई. सफेदा थापला. गालांवर लाल. डोळ्यांची काजळाची रेघ पार कानापतुर नेली. माझं जुनं गंगावन मागून घेतलं, त्यातली केसं बारीक कातरली, आन् राळेनं भिवया लावल्या. वर कुंकवाचा मळवट. मंग गेनबा मागं सरला आन् म्हणला, "बघा."

आमी बघितलं. गोठ्यातलं रेडकू खिडकीतनं आत डोकावत हुतं, ते दावं तोडून पळालं ते थेट नीरेच्या काठाला सापडलं. रतन म्हणते ते आधीच सुटलं हुतं. रतनला काय कळतंय.

"गेनबा," म्या म्हटलं, "हे काय केलंस?"

"शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसाया पायजेत, मावशी."

"तिला शेवटच्या रांगेशी लगीन लावायचं न्हाई. समोरच्या पाटावरल्याशी लावायचंय."

"बत्तीच्या उजेडात बघा. अशी खुलतीया."

"मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा हाय. सूर्याची वात खाली कर म्हणून कुणाला सांगू?"

गेनबाचं तोंड उतरलं. बिचाऱ्याचं काही चुकलं न्हवतं. त्याला एकच तोंड येत हुतं, ते त्यानं जीव लावून काढलं हुतं. आन् भिवया तर बघवत न्हवत्या. माझं गंगावन वीस वर्सं ऊन खाऊन तांबडं झालेलं. पांढऱ्या तोंडावर दोन तांबडे सुरवंट समोरासमोर येऊन थांबल्यावानी दिसत हुते.

सगुणानं आरसा मागितला. पारू देईना. तिनं वढून घेतला. बघितलं, आन् हसली न्हाई, रडली न्हाई. आरसा पालथा ठेवला.

"आजे, धुऊन टाक. मी जशी हाय तशी उभी राहते. मोडलं तर मोडू दे."

"आन् मोडलं म्हंजे?" पारू म्हणली. "मांडवातनं परत गेलेली पोर कुणाच्या दारात उभी करू मी?"

"आपल्याच दारात. राब तर भाजलाय ना."

पोरीचा आवाज सरळ हुता, पण हात पाटाची कड दाबून धरत हुता. नवरदेव, बाजीराव, तिच्या मनात भरला हुता, हे मला ठाऊक. बघाया आला तवापास्नं ती किकवीकडनं येणाऱ्या यष्टीचं भोंगं ओळखाया लागली हुती.

रतन कोपऱ्यात उभी हुती. हौसेला परत लावली तवा ती पोर तीन दिस जेवली न्हवती. सगुणाच्या वाट्याला बी तेच यावं, असं रतनला चार दिस वाटत हुतं. हे तिनं मला आपल्या तोंडानं सांगितलंय, म्हणून बोलते. पण सगुणा 'मोडू दे' म्हणली, तवा तिला पाटावर सगुणा दिसली न्हाई. हौसाच दिसली.

ती म्होरं आली. "वहिनी, खोबरेल दे. आन् मऊ लुगड्याचा तुकडा."

"वन्सं, तुमी—"

"दे म्हटलं तर दे. माझ्या पाठीमागं तांब्या घेऊन फिरायला बरी येळ मिळते तुला."

पारू लाजली. रतननं सफेदा पुसला, हळूहळू, बाळाचं तोंड पुसावं तसा. खालनं सगुणाचा सावळा रंग वर आला, हळदीनं उजळलेला. कानाकडं गेलेली रेघ तिनं निम्मी पुसली. गेनबा तिच्या हाताकडं बघत म्हणला, "रतनबाई, निम्मी तरी ठेवा, माझी इज्जत हाय."

"निम्मी ठेवलीया की. दुसऱ्या रांगेपतुर दिसंल."

तांबड्या भिवया उपटल्या. आता लावायचं काय? पारूचे केस पिकलेले. माझं तर विचारू नका. रतननं अंबाडा सोडला. लई केस तिचे, गुडघ्यापतुर. भोरच्या पेठेत ती न्हाऊन केस वाळवाया बसली की समोरचा शिंपी उलटी कापडं शिवायचा. तिनं कानामागची एक बट धरली आन् गेनबाकडनं कात्री घेतली.

पारूनं तिचा हात धरला. "वन्सं, सवाष्णीनं लग्नाच्या दिशी केस कापू नयेत."

"मंग माझ्या हौसेच्या लग्नात तुझे कापीन. फिटलं?"

अशा भिवया लागल्या. काळ्याभोर, जिथल्या तिथं. सगुणानं आरशात बघितलं आन् पैल्यांदा हसली. "आत्ते, मी तुमच्यावानी रागीट दिसतीया."

"बरंच झालं. सासू दबून राहील."

म्या गेनबाला विचारलं, "घामाला टिकंल का?"

"दोन अंक टिकतं, मावशी."

"लगीन किती अंकी असतं?"

त्यानं पेटी लावली.

वऱ्हाड आलं. बारा पस्तीस झाले. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, आन् बाजीराव हार धरून तसाच उभा. हात वर जाईना. सावळी, साधी पोर बघून गेलेला गडी. समोर डोळ्यांच्या दोन लांबलचक होड्या, मळवट, आन् आमच्या रतनची नजर. त्याला वाटलं, बदलली. मागनं कुणीतरी "अरं घाल की" म्हणलं.

तवा सगुणा मान खाली घालूनच पुटपुटली, "मीच हाय. तुमाला च्या दिला हुता त्यात मीठ पडलं हुतं, आन् तुमी सगळा पिलात."

बाजीरावाच्या खांद्याला हसू फुटलं. हार गळ्यात पडला. ते मीठ आमी कुणी ओळखलं न्हवतं. पोरानं दोन महिने पोटात ठेवलं हुतं. म्या तिथंच म्हटलं, हा घरचा झाला.

पण नवऱ्याचं झालं म्हंजे सासूचं झालं असं न्हाई. जेवणं झाली, मांडवात ऊन उतरलं, सगुणाच्या कपाळावर घाम आला. डाव्या भिवईचं टोक सुटलं आन् वर बघाया लागलं. धोंडाबाईच्या जावेनं बोट दाखवलं.

"अगं बया, नवरीच्या कपाळाला काय चिकटलंय?"

चार बायका वळल्या. मंग आठ. पारू जागच्या जागी दगड झाली. रतन म्होरं निघाली, पण माझं तोंड तिच्या पायांपेक्षा जलद.

"ती आमच्या कुळाची चाल हाय," म्या म्हटलं. "लग्नाआधी पाच दिसांच्या आत नवरीनं आपल्या हातानं राब पेटवायचा. आग भिवया घेऊन गेली तर समजायचं, अग्नीनं पोरगी पसंत केली. मंग घरातल्या सवाष्णीनं आपली केसं द्यायची, त्याच्या भिवया लावायच्या. भाग्याची लागते. समद्यांला न्हाई मिळत. माझ्या आजेसासूच्या लग्नात तर आग पदरापतुर आली आन् पाया पडून मागं गेली."

एवढ्यात वऱ्हाडातला रखमाजी, ऐंशीचा म्हातारा, काठी आपटून म्हणला, "खरं हाय. माझा आजा सांगायचा. लई जुनी चाल."

पान लावून तोंडात घालाया जेवढा येळ लागतो, तेवढी बी ती चाल जुनी न्हवती. पण आता तिला साक्षीदार मिळाला हुता.

धोंडाबाई उठली. पदर कपाळावर वढला. "राब कसला हुता, ठकुबाई?"

"शेणगवताचा."

"टहाळा? फांद्या कसल्या?"

"वरनं ऐनाचा."

"आन् वारं कुठनं?"

मी अडखळले. मला काय ठाऊक. सगुणा म्हणली, "आधी पश्चिमेचं हुतं. मंग फिरलं."

धोंडाबाईनं मान हलवली आन् म्हणली, "सूनमुख बघू द्या."

सूनमुख म्हंजे सासूनं सुनेला शेजारी बसवून आरशात तिचं तोंड बघायचं. बाकीच्या बायका मागं सरल्या. आरसा धराया मी बसले, त्यामुळं म्या जे बघितलं ते दुसऱ्या कुणी बघितलं न्हाई. आरशात दोघींची तोंडं. सगुणाची डावी भिवई अजून आभाळाकडं.

धोंडाबाई ओठ न हलवता म्हणली, "आजी बोलली ते राहू दे. तू सांग."

सगुणानं माझ्याकडं बघितलं. म्या डोळ्यांनी सांगितलं, चाल म्हण, चाल. पोरीनं ऐकलं न्हाई.

"चालबिल काही न्हाई. आप्पांची कंबर धरली, वळीव यायला लागला, म्हणून मी गेले. आई नको म्हणली हुती. भिवया आत्तेच्या हाईत. आता तुमी ठरवा."

मी आरसा पालथा कराया लागले. धोंडाबाईनं माझं मनगट धरून तो सरळ केला. मंग आरशापुढं झुकली, आपला पदर दोन बोटं मागं सारला, आन् अंगठा स्वतःच्या उजव्या भिवईवरनं फिरवला.

भिवई अंगठ्यावर आली. काळी रेघ, काजळाची. खाली गुळगुळीत कातडी, जुनी, जरा चकाकणारी.

"माझं म्हायेर येल्ह्याकडं, डोंगरात," ती म्हणली. "सोळा वर्सांची हुते. वारं असंच फिरलं. माझ्या परत आल्या न्हाईत. तुझ्या येतील, मुळं दिसत्यात." मंग अंगठा जिभेला लावून तिनं सगुणाच्या भिवईचं टोक खाली दाबलं, आन् दाबून धरलं. "राळ नको लावू. दिवा लावून त्याच्या काजळीत लोणी कालवायचं. मी शिकवीन."

"आन् त्यांला?" सगुणानं बाजीरावाकडं डोळे केले.

"त्याच्या बापाला अजून ठाऊक न्हाई."

मंग मोठ्यानं, मांडवाला ऐकू जाईल असं ती म्हणली, "सून भाग्याची हाय."

जाताना मला म्हणली, "विहीणबाई, ऐनाचा टहाळा राबाला खाली असतो, वरनं न्हाई. पुढच्या येळी थाप नीट मारा."

सगुणाच्या भिवया श्रावणात आल्या. पण थाप काही गेली न्हाई. चार वर्सांनी हौसाचं लगीन निघालं, नवऱ्याकडच्यांला उंच पोरगीच हवी हुती. सकाळी माजघरात पारू कात्री घेऊन हजर. "वन्सं, मी विसरले न्हाई." तिनं आपली एक पिकलेली बट कापली आन् रतननं ती हौसाच्या पदराला बांधली. हौसाच्या भिवया जागेवर हुत्या, पण त्याचं कुणाला काय.

एवढ्यात किकवीची मंडळी आली. धोंडाबाई पुढं, पदर कपाळावर, मागं सगुणा, कडेवर लेक. धोंडाबाईनं हौसाकडं नीट बघितलं, मंग माझ्याकडं.

"नवरीच्या भिवईला राबाची राख कुठाय, ठकुबाई? तुमच्याच कुळाची चाल, आन् तुमीच विसरलात?"

मी काय करते. गेले, राख आणली. तिनंच लावली.

आता घरातली पोरं विचारत्यात, आजे, ही चाल कधीपास्नंची? मी सांगते, रायरेश्वराचा डोंगर तवा एवढासा हुता.